घरची तुरटी

माझा लेक सोलापुरात तुरटी पिकवतो, असं आई गावाकडे सगळ्यांना सांगायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, ज्वारीसारखं तिकडे तुरटीचंही रान असतं. मी चिडायचो. मी गिरणीच्या रंगखात्यात रसायनतज्ज्ञ होतो, पुण्याच्या कॉलेजातून बी. एस्सी. करून आलो होतो, स्फटिकांच्या वाढीवर एम. एस्सी.चा प्रबंध लिहीत होतो, आणि आमच्या मातोश्रींनी एका वाक्यात त्याचं पीक करून टाकलं होतं. चिडायचो, पण आतून बरंही वाटायचं. कारण खडा खरोखरच पिकतो. बी टाकावं लागतं, राखण करावी लागते आणि घाई केली की पीक हातचं जातं.

आम्ही मेंढपाळ. आमचं घर वेळापूरच्या पलीकडे, माळशिरस तालुक्यातल्या कोरड्या माळावर. घर म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. बाकी वर्षभर मेंढरं जातील तिकडे बिऱ्हाड. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा आणि त्यात साठेल ते पाणी प्यायचं. ते कधी राखाडी, कधी तांबूस. आईच्या चंचीत पानसुपारीबरोबर तुरटीचा एक खडा कायम असे. घागर भरली की ती तो खडा हातात धरून पाण्यात गरागरा फिरवायची. थोड्या वेळाने गाळ तळाला बसायचा आणि वरचं पाणी निवळायचं. शाळेचं तोंड बघण्याआधी मी एवढं रसायनशास्त्र बघितलेलं होतं, आणि तो खडा चोरून चाटून जीभ आखडूनही घेतली होती.

पुढे एका मास्तरांनी वडिलांच्या मागे लागून मला सोलापूरच्या शाळेत घातलं, वसतिगृहात ठेवलं, आणि शिकत शिकत मी पुण्याला पोचलो. तिथे एका तासाला सरांनी तुरटीचा मोठा स्फटिक वर्गात फिरवला. माझ्या हातात आला तेव्हा मी तो पुढे देईचना. दोन पिरॅमिड पायथ्याला पायथा लावून ठेवावेत तसा आकार, आठ त्रिकोणी पैलू, सगळे आरशासारखे. मी विचारलं, हे कुणी घासले? सर म्हणाले, कुणीच नाही, आपोआप येतात. आपोआप हा शब्द मला तेव्हाही आवडला नाही आणि आजही आवडत नाही. मेंढरूसुद्धा आपोआप चरत नाही, कुणीतरी त्याच्यामागे उन्हात उभं असतं. तुरटीमागे कोण उभं आहे, हे बघायचं मी त्या दिवशी ठरवलं.

उत्तराचा पहिला तुकडा मला गिरणीत सापडला. सुतावर रंग पक्का बसावा म्हणून रंगखात्यात तुरटी लागतेच, आणि माझ्या ताब्यात एक लहान खोली होती, तिला सगळे प्रयोगशाळा म्हणत. मॅनेजरसाहेबांनी प्रबंधासाठी ती वापरायची परवानगी दिली होती, पण एका वर्षापुरती. त्यानंतर तिथे रंगाचे डबे रचायचे होते. तिथे एकदा तुरटीच्या पाण्यात कुठल्याशा आकाशी रंगाचे चार थेंब सांडले आणि ते भांडं तसंच कोपऱ्यात राहिलं. आठवड्याने बघतो तर तळाशी बसलेल्या खड्यांची टोकं कापलेली. जिथे टोक असायचं तिथे छोटा चौकोन. मी मुद्दाम रंग वाढवत गेलो. चौकोन मोठे होत गेले, त्रिकोण आटत गेले, आणि शेवटी तुरटीचे सोंगटीच्या फाशासारखे चौकोनी ठोकळे मिळाले. तीच तुरटी, तेच पाणी, फक्त चिमूटभर रंग जास्त.

माझं म्हणणं असं होतं की रंगाचे कण खड्याच्या चौकोनी बाजूला चिकटून बसतात, तिला वाढू देत नाहीत, आणि म्हणूनच ती बाजू मोठी दिसते. वाचणाऱ्याला हे उलटं वाटेल. परीक्षकांनाही वाटलं.

मोठा खडा पिकवायला एकसारखा गारवा लागतो, आणि सोलापुरात उन्हाळ्यात गारवा शोधणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. गिरणीत तर वाफ आणि हादरे. पण साळी लोकांच्या वस्तीत आम्ही भाड्याने राहत होतो त्या घरात बळद होतं, जमिनीत माणूसभर खोल बांधलेली धान्याची कोठी. घरमालकाने धान्य साठवणं केव्हाच सोडलं होतं. मी त्यात शिडी लावली, दोन बरण्या ठेवल्या, एकीत साधं तुरटीचं द्रावण, दुसरीत आकाशी रंग घातलेलं, आणि प्रत्येकीत एकेक बारीक खडा दोऱ्याने टांगला.

दोऱ्याचीही एक गोष्ट आहे. आधी मी आईने कातलेला लोकरीचा दोरा वापरला. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खडे धरले आणि दोऱ्याला नुसता काटा आला. मग शेजारच्या साळणीने, तेलुगूत काहीतरी चेष्टा करत, तिच्या मागावरचा रेशमी धागा दिला. तो गुळगुळीत. त्याच्यावर काही धरेना, सगळं खड्यावरच धरायला लागलं. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग मी त्या बळदाची राखण केली. निळ्या बरणीतला खडा पेरूएवढा झाला. नितळ, किंचित निळसर झाक, आणि टोकांच्या जागी रुपयाएवढे चौकोनी पैलू. त्या वेळी इतका स्वच्छ खडा दुसऱ्या कुणाकडे नव्हता असं मी आजही म्हणतो. ज्याला वाद घालायचा असेल त्याने यावं.

प्रबंध पाठवला. परीक्षकांपैकी एक मुंबईचे मोठे प्राध्यापक होते, त्यांचं कार्ड आलं. तुमचे तयार खडे बघून काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. चौकोनी बाजू रंगामुळे मागे राहिली की आणखी कशाने, हे तयार खडा सांगत नाही. तरी मद्रासला जाताना एक दिवस सोलापूरला उतरतो, खडा प्रत्यक्ष दाखवा, मग ठरवू. पुण्याच्या माझ्या सरांनी कळवलं की त्यांना पटलं नाही तर प्रबंध परत येईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. गिरणीतली माझी खोली दिवाळीनंतर जाणार होती. म्हणजे पहिल्यापासून करायला जागाच नव्हती. जे काही होतं ते त्या एका दिवसावर आणि त्या एका खड्यावर.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी बार्शीला माहेरी गेली होती, म्हणून आई गावाहून माझं खाणंपिणं बघायला आली होती. तिला शहर आवडत नव्हतं, पण बळद फार आवडलं. शेजारणी आल्या की ती त्यांना कोठीच्या तोंडाशी नेऊन खाली बोट दाखवायची. मी बळदातून खडा काढून कापसात गुंडाळून लाकडी डबीत, कोनाड्यात ठेवला, तेव्हा तिने विचारलं की येणारे पाहुणे कोण. मी सांगितलं, माझं काम खरं की खोटं हे ठरवणारे. मामलेदारापेक्षा मोठे का, तिने विचारलं. मी म्हणालो, माझ्यापुरते गव्हर्नरपेक्षा मोठे.

भाकरी थापता थापता मग म्हणाली, "एवढं मोटं मानूस. आपल्या हातचं पानी पितील का रं?"

आमच्या गावातली काही घरं अशी होती की त्या घरची माणसं कामाला आमच्या दारात आली, दोन तास बसली, तरी पाण्याचं भांडं पुढे केलं की तहान नाही म्हणायची. भर उन्हात तहान नाही. आई भांडं उचलायची आणि पाणी तुळशीत ओतायची. प्राध्यापक त्यातलेच निघाले तर मी काय करणार होतो? मी म्हणालो, पितील. आणि विषय बदलला.

भाद्रपदाचा शेवट होता. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि नळाला चहासारखं पाणी येत होतं. सकाळी मी टांगा घेऊन स्टेशनवर गेलो. प्राध्यापक उतरले. अंगाने काटकुळे, डोक्याला पगडी, लांब कोट, काखेत छत्री. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, तपकिरीची चिमूट ओढली आणि छत्री सावरत चढून बसले. टांग्यात मी मनातल्या मनात सगळी वाक्यं शुद्ध मराठीत घोळवत होतो. यांच्यासमोर गावची बोली तोंडात येऊ द्यायची नाही, एवढं पक्कं ठरवलं होतं.

घरात शिरलो. आईने सतरंजी अंथरलेली होती. ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, त्यांच्यासमोर तांब्या-भांडं ठेवलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्यांनी भांडं उचललं आणि सगळं पाणी प्याले. पुन्हा भरून घेतलं, तेही प्याले. मग ओठ पुसत म्हणाले की पाणी उत्तम निवळलंय, तुरटी मात्र जरा सढळ हाताने पडली आहे. आई पदराआड हसली. जिभेवर तुरटी ओळखणारा परीक्षक मिळाला, अजून काय हवं? मी ऐटीत उठलो, कोनाड्यातली डबी काढली आणि त्यांच्यासमोर उघडली.

आत नुसता कापूस होता.

"आये, हितला खडा कुटं हाय?" शुद्ध मराठी तिथेच संपली.

"पान्यात फिरीवला की," आई म्हणाली. "पावन्यास्नी गढूळ पानी देऊ व्हय?"

मी तिला विचारलं, तुझी चंचीतली तुरटी कुठे गेली. ती म्हणाली, आहे की. मग ती का नाही वापरलीस? तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकून माझं डोकं हललं असावं.

"ती बाजारची हाय. घरचं पिकल्यालं असताना पावन्याला बाजारचं द्याचं? नवं धान निगालं की आदी देवाला नि पावन्याला, मग आपल्याला. तुजं पीक हाय म्हनून तर फिरीवलं."

आणि नुसत्या आमच्या घागरीत नव्हे. नळावर बायकांची रांग होती. लेकाची तुरटी म्हणून तिने आख्ख्या आळीच्या कळशा आणि हंडे निवळून दिले होते. कुणी मागितलं नव्हतं, तिनेच बोलावून बोलावून दिले. हे सांगताना तिचा चेहरा असा होता, जणू वऱ्हाडाची पंगत उठवून आली आहे. मग चुलीजवळच्या वाटीतून तिने उरलेला खडा आणून माझ्या हातावर ठेवला. लिंबाएवढा, गोल, चोखून थुंकलेल्या गोळीसारखा निस्तेज. एकही पैलू शिल्लक नव्हता.

मला राग येतो तेव्हा मेंढरं हाकतानाचे शब्द तोंडात येतात. ते सगळे आले, दातांपर्यंत आले आणि तिथेच अडकले, कारण प्राध्यापकांनी हात पुढे केला होता. मी खडा दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, दाराशी उजेडात जाऊन खडा सगळीकडून फिरवून बघितला. बाहेर शेजारीण डोकावून गेली. आई मला हळूच विचारत होती की काही चुकलं का. जिच्यासाठी हे सगळं करतोय तिला, तू माझा प्रबंध पाण्यात विरघळवलास, हे कुठल्या भाषेत सांगायचं?

प्राध्यापक परत येऊन बसले. म्हणाले, "आता याच्यावर कुठलीच बाजू पुढे नाही आणि कुठलीच मागे नाही. सगळ्या दिशा सारख्या. हा निळ्या द्रावणात परत टांगला तर काय होईल?"

मी म्हणालो, चौकोन परत येतील.

"सहा चौकोन, तेही टोकांच्या जागी?"

"सहा. आणि त्यांच्या अधेमधे आधी आणखी बाजू दिसतील, त्या मिटतील, चौकोन राहतील."

"उद्या सकाळच्या गाडीपर्यंत?"

मी हो म्हणालो. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. पण माझी तुरटी मी ओळखून होतो.

मग त्यांनी माझ्या वर्मावर बोट ठेवलं. एकट्या निळ्या खड्याने मला पटणार नाही, म्हणाले, साध्या द्रावणातला दुसरा आहे ना? त्याचाही असाच गोळा करा आणि साध्यात ठेवा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच गारव्यात वाढू देत. रंगाचा प्रभाव असेल तर दोघांत फरक दिसेल, नसेल तर दिसणार नाही. साध्या बरणीतला माझा खडा आठ त्रिकोणांचा होता, बोराएवढा, निळ्याहून लहान पण डागरहित. मी कानस शोधायला उठलो.

"कानशीने ओरखडे पडतील," ते म्हणाले. "ज्या हातांनी पहिला केला त्याच हातांना दुसरा करू द्या." आणि आईकडे वळून ते म्हणाले, "आई, आणखी एक घागर पाणी निवळायचं आहे. द्याल?"

आईला प्रयोग कळला नव्हता, पण विनंती कळली. तिने घागर ओढली, पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि माझा दुसरा खडा फिरवायला सुरुवात केली. प्राध्यापक शेजारी उकिडवे बसून बघत होते, मधे मधे तिला थांबवून खडा भिंगाखाली धरत होते, आणि अजून थोडा, अजून थोडा म्हणत होते. तिने मला विचारलं की एवढं निवळलेलं पाणी कुणाला द्यायचं, आळीत तर सगळ्यांचं भरून झालंय. मी म्हणालो, राहू दे, मीच पिईन.

मी शेगडीवर दोन्ही द्रावणं कोमट करून त्यांत आणखी तुरटी पुरेपूर मुरू दिली, बळदाच्या गारव्याला आणली आणि दोन्ही गोळे रेशमी धाग्याने त्यांत टांगले. मग वाट बघणं. प्राध्यापकांनी भाकरी आणि हुलग्याचं माडगं घेतलं. माडगं आणखी मागून घेतलं, तेव्हा आईने माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग ते उपरणं तोंडावर घेऊन आडवे झाले.

दुपारी उठल्यावर त्यांनी कार्डातली शंका पुन्हा काढली. रंग ज्या बाजूला अडवतो ती खुंटायला हवी. मग तीच मोठी कशी होते? प्रबंधात मी या जागी दोन पानं भूमिती घातली होती. ती त्यांनी वाचली होती आणि तरी विचारत होते. मला भूमिती आठवेना. मी मेंढरांवर गेलो.

"मेंढरं माळावर सोडली की चपळ असतात ती पुढे धावून टेकडीआड होतात. लांबून बघणाऱ्याला ती दिसतच नाहीत. त्याला दिसतात ती मागे रेंगाळणारी. कळपाचा आकार तीच ठरवतात. खड्यात जी बाजू भराभर वाढते ती निमुळती होत होत टोकाला जाऊन संपते. जी अडते ती पसरत राहते आणि शेवटी तीच उरते."

त्यांनी तपकीर ओढली. आई निवडत असलेल्या सुपातून मान वर न करता म्हणाली की चपळ मेंढराला कधीकधी लांडगाही नेतो. तो मुद्दा आम्ही दोघांनीही सोडून दिला.

चार वाजायच्या सुमाराला मी कंदील घेऊन बळदात उतरलो. पहिल्यांदा काहीच दिसेना. गोळे होते तसेच, मंद. मग कंदील थोडा कलता केला आणि निळ्या बरणीत एक ठिणगी चमकली. खडा दोऱ्यावर सावकाश फिरत होता. एक चमक गेली, दुसरी आली. गोल अंगावर सपाट जागा उगवत होत्या. मी वर बघून प्राध्यापकांना हाक मारली.

प्राध्यापकांना मी खडा वर आणून दाखवणार होतो. ते नाही म्हणाले, हलवू नका. त्यांनी कोट उतरवला, पगडी काढून आईच्या हातात दिली आणि त्या वयात शिडीवरून खाली उतरले. बळदात दोन माणसांना जागा नव्हती, म्हणून मी वर आलो. आई कोठीच्या तोंडाशी वाकून कंदील धरून बसली, आणि मांडीवर पगडी, जणू कुणाचं तान्हं पोर सांभाळायला दिलंय. खालून त्यांचा आवाज येत होता, कंदील डावीकडे, जरा खाली, हां. आई कंदील सरकवत होती. मी आईच्या मागे उभा राहून दोघांकडे बघत होतो. माझा मुलूख आणि माझी विद्या एका कंदिलाच्या उजेडात बसली होती, आणि आयुष्यात मला इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

ते वर आले तेव्हा गुडघ्यांना चुना लागला होता. म्हणाले, सकाळी बघू.

सकाळी कंदिलाचीही गरज राहिली नव्हती. दोन्ही खडे वर काढून त्यांनी अंगणात उजेडात धरले. साध्या द्रावणातल्या गोळ्यावर आठ त्रिकोण पसरले होते, एकमेकांना जवळजवळ भिडले होते. चौकोन असलेच तर टाचणीच्या डोक्याएवढे. निळ्या खड्यावर सहा चौकोन, नखाएवढे, स्वच्छ, आणि त्रिकोण त्यांच्यामधे अंग चोरून. एकाच हाताने गोल केलेले दोन खडे, एकाच बळदात वाढलेले. फरक फक्त रंगाचा. वर्षभर मी तयार खडे दाखवत होतो, आणि पुरावा मिळायला आधी खडा मोडावा लागत होता. हे मला सुचलं नसतं. इतका सुंदर खडा मी स्वतः कधीच पाण्यात घातला नसता.

टांगा दाराशी आला. प्राध्यापकांनी पगडी घातली आणि निघायच्या आधी पुन्हा पाणी मागितलं. आईने दिलं, आणि भांडं परत घेताना धीर करून विचारलं, "लेक पास हाय का?"

"तो निकाल मला इथे सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण आई, पीक खरं आहे."

टांगा वळणावर जाईपर्यंत ती दारात उभी होती. निकाल यायला दिवाळी उजाडली, पण आईने त्याच आठवड्यात गाव गाठून मी पास झाल्याचं जाहीर करून टाकलं होतं. निकाल उलटा लागला असता तर विद्यापीठालाच तोंड लपवावं लागलं असतं. प्रबंध मंजूर झाला. त्या दोन गोळ्यांचं सगळं वर्णन मी तोवर नवीन प्रकरण म्हणून त्यात घातलं होतं. खडे गोल कसे केले, या जागी प्राध्यापकांच्या सूचनेवरून मी इंग्रजीत लिहिलं की लेखकाच्या आईने ते पाण्यात फिरवून केले. छापील शास्त्रात माझ्या आईला जागा मिळाली ती अशी. वाक्य लहान आहे, पण त्यात एकही शब्द शोभेचा नाही.

प्राध्यापकांनी कॉलेजच्या कपाटासाठी दोन्ही खडे मागितले. साधा दिला. निळ्याच्या जागी मी दुसरा निळा वाढवून पाठवला. आईने फिरवलेला परत बळदात टांगला, आणि पुढच्या थंडीत तो पुन्हा पेरूएवढा झाला, आधीपेक्षा नितळ. तो घेऊन पावसाळ्यात मी पदवीचा कागद दाखवायला गावी गेलो. आईने कागदाला हळदीकुंकू लावलं आणि खडा देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाव बघायला आलं. मेंढक्याचा पोरगा मोठी परीक्षा पास झाला म्हणून ती मोठी घरंही आली, ज्यांना आमच्या दारात कधी तहान लागत नव्हती. ओसरीवर बसली, कागद हातोहात फिरला. मी आत गेलो तेव्हा आईने घागर पुढे ओढलेली होती. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिथला खडा उचलला आणि तिच्या हातात दिला.

पाणी निवळेपर्यंत आम्ही दोघं घागरीशी बसून राहिलो. मग तिने भांडी भरली आणि ओसरीवर एकेकापुढे ठेवत गेली. पोरगा मुंबईच्या प्रोफेसरला पटला, त्यांनी आमच्या घरी पाणी पिऊन निकाल दिला, हे तोवर सगळ्या गावाला ठाऊक होतं. बहुतेकांनी मुकाट्याने भांडं तोंडाला लावलं. एक म्हातारे मात्र सवयीने म्हणाले, तहान नाही. आईने भांडं उचललं नाही. त्यांच्यासमोर तसंच ठेवून ती पुढच्याकडे वळली.

मंडळी उठली तेव्हा मी भांडी गोळा केली. त्या म्हाताऱ्यांचंही रिकामं होतं.